'मुलं मोबाईलवर काय करतात' यात पीएचडी करायचीय. वेडी आहे का मी?

गोदाकाठची | रवि., रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. दोन वर्षं वाचनमात्र होते, पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी नांदेडची. मास कॉममध्ये एमए. २०२४ ला नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) दिली, तीच ती जूनची परीक्षा जी झाल्यावर दुसऱ्या दिवशी रद्द झाली आणि मग आम्ही सगळ्यांनी परत दिली, त्यात असिस्टंट प्रोफेसर आणि पीएचडीपुरतं निघालं, जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, थोडक्यात हुकली. सध्या दोन कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे पगार किती ते विचारू नका.

एमएच्या डेझर्टेशनला आठवी-नववीच्या मुलींशी मोबाईलबद्दल बोलले होते. चाळीसेक मुली असतील. विषय तेव्हा गाईडने दिला म्हणून घेतला होता पण खरं सांगते तो डोक्यातून गेलाच नाही. आता पीएचडी करायची तर यातच, मुलं-तरुण आणि मीडिया, असं ठरवलंय. घरी सांगितलं तर आई म्हणाली, "मुलं मोबाईल बघतात हे शोधायला पाच वर्षं कशाला, बस इथे, मी पाच मिनिटांत सांगते." मामा बँकेच्या परीक्षांची पुस्तकं घेऊन आलाय.

यात करिअर होतं का हो? कुणी केलंय का? आणि हे नेमकं कुठल्या डिपार्टमेंटला करायचं तेच कळत नाहीये.

---

पोटोबा | रवि., रात्री ९:५१

रुमाल टाकून ठेवतो. आईंना पाच मिनिटं द्या आधी, थिसिस वाचेल.

---

फणस | रवि., रात्री १०:१५

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मुलं बिघडतायत हे शेंबडं पोरही सांगेल. यावर संशोधन म्हणजे पाणी ओलं असतं यावर संशोधन. त्यापेक्षा मोबाईल काढून घ्या आणि मैदानावर पाठवा. ऑस्ट्रेलियाने केलंच ना, सोळाच्या आतल्यांना सोशल मीडिया बंद, १० डिसेंबर २०२५ पासून. त्यांनी काय पीएचड्या वाचून केलं का?

---

दोन_पोरांची_आई | रवि., रात्री १०:३२

फणसराव +१. माझा अकरावीतला दिवसभर त्यात तोंड घालून बसलेला असतो. जेवताना सुद्धा. तुम्ही पीएचडी करा पण आधी आम्हाला उपाय सांगा.

---

सीएचबी_भोगी | रवि., रात्री ११:०८

ये बहीण ये, बस. मी या रस्त्याने गेलेला माणूस आहे, अर्ध्यात उतरलो.

माझा विषय होता ग्रामीण तरुण आणि टिकटॉक. सिनॉप्सिस लिहिला, रिसर्च कमिटीसमोर दोनदा गेलो, एकदा 'विषय समाजोपयोगी वाटत नाही' म्हणून परत पाठवला, दुसऱ्यांदा शीर्षकात 'चिकित्सक' शब्द घातला तर पास. मंजुरीचं पत्र हातात आलं मार्च २०२० ला. मग लॉकडाऊन. आणि २९ जून २०२० ला सरकारने टिकटॉकच बंद केलं!! माझी सगळी सॅम्पल एका रात्रीत गायब. गाईडना फोन केला तर ते शांतपणे म्हणाले, "आता ऐतिहासिक अभ्यास म्हणा."

तर पहिला धडा हा, ॲपच्या नावाने विषय घेऊ नको. ॲप जातं, पोरं तिथेच असतात.

दुसरं पैशाचं. जेआरएफला महिन्याला ३७,००० मिळतात, एचआरए वेगळा. तुझं वय तिशीच्या आत असेल तर परत दे, लाजू नको. नाहीतर बार्टी, सारथी, महाज्योती या फेलोशिप देणाऱ्या सरकारी संस्थांतलं तुला लागू होत असेल ते बघ, पण त्या पैशावर घरखर्चाची गणितं मांडू नको, यायचे तेव्हा येतात. फेलोशिप नसताना तासिकेवर पीएचडी म्हणजे एक पाय रिक्षात एक पाय एसटीत. आणि आधी गाईडकडे जागा आहे का बघ, मग विषयाचं बघ. उलटं केलं की माझ्यासारखं होतं.

---

पोटोबा | रवि., रात्री ११:१४

"आता ऐतिहासिक अभ्यास म्हणा" ला दंडवत. चहा नाकातून आला.

---

मंजिरी_यूके | सोम., पहाटे ३:२०

वेळेकडे बघू नका, इथे रात्रच आहे.

गोदाकाठची, मी याच विषयात काम करते, इंग्लंडमध्ये, बारा वर्षं झाली. मूळची साताऱ्याची, सायकॉलॉजीतून आले. तुझ्या आईने जे म्हटलं ते इथे माझे शेजारी पण म्हणतात, फक्त इंग्रजीत म्हणतात. या विषयाची गंमत आणि ताप दोन्ही तेच आहे. मी कुणाला सांगितलं की मी मुलांच्या मीडिया वापरावर काम करते, की समोरचा मला प्रश्न विचारत नाही, उत्तर सांगतो. किडनीवर काम करणाऱ्याला कुणी किडनीबद्दल सांगायला जात नाही.

फणसराव, पाणी ओलं असतं हे बरोबर, पण सगळ्यांच्या घरी सारखंच ओलं नसतं. थोडं मागे जाते. १९५० च्या दशकात इंग्लंडात टीव्ही घरोघर यायला लागला तेव्हा हीच बोंब होती, मुलं वाचत नाहीत, डोळे जातील, झोप उडाली. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये हिल्डे हिमेलवाइट नावाच्या सोशल सायकॉलॉजिस्ट होत्या, जन्म बर्लिनचा. त्यांनी काय केलं, एक तर टीव्ही असलेली आणि नसलेली मुलं शेजारी शेजारी ठेवून बघितली, आणि दुसरं म्हणजे नॉर्विच नावाच्या शहरात टीव्हीचा ट्रान्समीटर यायच्या आधी जाऊन मुलांचा अभ्यास करून ठेवला, टीव्ही आल्यावर परत गेले. आधीचं माहीत असल्याशिवाय नंतरचं काय बदललं कसं सांगणार? १९५८ ला त्यांचं काम छापून आलं. लोकांना वाटत होतं तेवढा सर्वनाश निघाला नाही, आणि टीव्हीवाल्यांना हवी होती तशी क्लीन चिटही निघाली नाही. तेव्हापासून आमच्या धंद्याचं हेच चालू आहे, दोन्हीकडचे नाराज.

पुढे त्याच संस्थेत सोनिया लिव्हिंगस्टन आल्या. सुरुवात त्यांची टीव्ही बघणाऱ्या लोकांच्या अभ्यासापासून, मग मुलं, मग इंटरनेट. २००६ पासून ईयू किड्स ऑनलाइन म्हणून युरोपभरचं जाळं उभं केलं. २०१० ला २५ देशांत ९ ते १६ वयाच्या २५,१४२ मुलांच्या घरी जाऊन विचारलं, आणि प्रत्येकाच्या आई किंवा बाबांनाही. नाजूक प्रश्न मुलाने स्वतः गुपचूप भरायचे, आईला दिसणार नाही असे. त्यात १२ टक्के मुलं म्हणाली की इंटरनेटवर काहीतरी बघून त्रास झाला. शंभरातली बारा, म्हणजे शून्य नाही आणि शंभरही नाही. आणि ज्या मुलांनी अश्लील चित्रं बघितली होती त्यांच्यातल्या चाळीसेक टक्के पालकांना वाटत होतं की आपल्या पोराने असलं काही बघितलेलंच नाही. (दोन पोरांची आई, हे तुम्हाला उद्देशून नाही हं.)

त्या सगळ्या कामातून एक गोष्ट निघाली ती अशी की धोका आणि इजा एक नाही. जो मुलगा नेटवर जास्त फिरतो त्याला धोके जास्त भेटतात पण तोच जास्त शिकतो आणि त्यालाच त्यातून बाहेर कसं पडायचं तेही कळतं. पोहण्यासारखं. विहिरीला कुंपण घालता येतं, नदीला कसं घालणार. २०२१ ला संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने डिजिटल जगातल्या मुलांच्या हक्कांवर २५ नंबरचं भाष्य काढलं, त्याच्या मसुद्यातही लिव्हिंगस्टन होत्या. आयुष्यभराचं काम तिथपर्यंत पोचू शकतं, हे तुझ्या मामाला सांग.

आता कडू. माझं स्वतःचं करिअर म्हणजे प्रोजेक्टला प्रोजेक्ट जोडलेलं. दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट, संपायच्या आधी सहा महिने पुढचं शोधायचं. कायमची नोकरी मला नववं वर्ष लागल्यावर मिळाली, तोवर घर घेतलं नाही, कुत्रं पाळलं नाही. हे सगळं ऐकून पण करावंसं वाटत असेल तर कर.

---

फणस | सोम., सकाळी ८:०५

मंजिरीताई प्रतिसाद आवडला, मत बदललं नाही.

---

डेटापंत | सोम., सकाळी ९:४०

आकडेवाला माणूस आहे, राहवत नाही म्हणून लिहितो. २०१९ ला ऑक्सफर्डच्या एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांचा पेपर आला होता, तीन मोठे सर्व्हे, ३,५५,३५८ किशोरवयीन मुलं. डिजिटल वापर आणि मुलांची मनःस्थिती यांचा संबंध निघाला तो उणा होता (वापर जास्त तिथे मनःस्थिती थोडी खाली) पण किती, तर मुलामुलांत जो फरक दिसतो त्यातला जास्तीत जास्त ०.४ टक्के एवढाच त्यातून समजतो. मग त्यांनी त्याच डेटात इतर गोष्टी घालून बघितल्या. चष्मा लागणे याचा उणा संबंध मोबाईलपेक्षा जास्त निघाला. आणि बटाटे खाण्याचा जवळपास तेवढाच.

याचा अर्थ मोबाईल निरुपद्रवी असा नाही. जोनाथन हाइट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञासारखी मंडळी म्हणतात की सगळ्या स्क्रीनची खिचडी केली की परिणाम पातळ होणारच, मुली आणि सोशल मीडिया वेगळं काढून बघा. वाद चालूच आहे आणि दोन्हीकडे हुशार लोक आहेत. मुद्दा एवढाच की ज्या गोष्टीवर असले लोक दहा वर्षं भांडतायत ती शेंबड्या पोराला आधीच माहीत आहे असं समजू नये.

---

पोटोबा | सोम., सकाळी ९:४४

म्हणजे बटाटेवडा खात रील बघितलं तर ०.८ टक्के का?

---

डेटापंत | सोम., सकाळी ९:५२

असं बेरीज करत नाहीत हो. पण चष्मा लावून खाल्लात तर माझ्याकडे या, मॉडेल बसवून देतो.

---

सीएचबी_भोगी | सोम., सकाळी १०:१०

उपासाला बटाटा चालतो, मोबाईल चालतो का यावर वेगळा धागा काढा कुणीतरी.

---

आजीची_वही | सोम., दुपारी २:३०

मी ६९ वर्षांची आहे, या धाग्यावर सर्वांत म्हातारी मीच असणार. शाळांसाठीच्या टीव्ही कार्यक्रमांच्या संहिता लिहायचे, पुण्यात. बालचित्रवाणी १९८४ ला सुरू झाली तेव्हा आमच्यासारख्यांना वाटलं होतं की आता मराठी मुलांचं स्वतःचं काहीतरी झालं. २०१७ ला ती बंद झाली तो दिवस अजून जिव्हारी आहे, असो.

हा विषय आपल्याकडे नवा आहे असं कुणी समजू नये. १९७५-७६ साली इस्रोने साईटचा प्रयोग केला, अमेरिकेचा उपग्रह वर्षभरासाठी घेऊन सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत टीव्ही नेला. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण प्रयोगाचे प्रोग्राम मॅनेजर कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस होते. सकाळी दीड तास शाळेतल्या मुलांसाठी आणि संध्याकाळी मोठ्यांसाठी. आणि नुसता टीव्ही नाही ठेवला, काही गावांत मानववंशशास्त्राची माणसं मुक्कामाला ठेवली, गाव टीव्हीसमोर बसून काय करतं, काय बोलतं ते लिहायला. जिथे वीज धड नव्हती अशा ठिकाणी. आज प्रत्येकाच्या खिशात टीव्ही आहे आणि मुक्कामाला कुणी नाही.

आता माझा एक अनुभव, मुलीला उपयोगी पडेल म्हणून. कार्यक्रम तयार झाला की मी एखाद्या शाळेत जाऊन मुलांना दाखवायचे. संपल्यावर विचारलं की सगळी एकसुरात "खूप आवडलाऽऽ बाई". दरवेळी. मग मी विचारणंच सोडलं. वर्गाच्या कोपऱ्यात पडद्याकडे पाठ करून बसायचे, मुलांकडे तोंड करून, आणि कितव्या मिनिटाला पोरं खिडकीबाहेर बघायला लागली ते वहीत मांडायचे. एकदा पाण्याच्या चक्रावर कार्यक्रम होता, ढग आले तिथे पन्नास पोरांनी माना वळवल्या, कारण बाहेर खरोखरच पाऊस सुरू झाला होता. तो भाग मी काही बदलला नाही.

---

मंजिरी_यूके | सोम., संध्या. ५:१५

आजी, तुमची ती वही अजून असेल तर जपून ठेवा हो. मी गंभीरपणे सांगतेय.

---

पलूसकर_गुरुजी | सोम., रात्री ८:५०

जिल्हा परिषद शाळा, सांगली जिल्हा. फणस साहेबांनी बंदीचं काढलं म्हणून लिहितो. आमच्या शेजारच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे, पेपरात वाचलं असेल. कोरोनात शाळा मोबाईलवर गेली आणि शाळा परत सुरू झाली तरी पोरं मोबाईलवरच राहिली. मग ऑगस्ट २०२२ पासून गावाने ठरवलं, संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो, दीड तास टीव्ही बंद मोबाईल बंद, साडेआठला परत भोंगा. त्या दीड तासात पोरांनी अभ्यास करायचा आणि मोठ्यांनीसुद्धा फोन ठेवायचा. आईची सिरियल पण बंद! खरं अवघड ते होतं. मला स्वतःला ही गोष्ट आवडते कारण ती फक्त पोरांवर लादली नाही. नाहीतर त्याच वर्षी यवतमाळच्या बान्सी गावाने अठराच्या आतल्यांना मोबाईलबंदीचा ठराव केला, तिथे नियम एकट्या पोरांना.

पण माझी एक तक्रार आहे संशोधकांवर. असं काही झालं की कॅमेरेवाले येतात, फॉर्मवाले येतात. आमच्याही शाळेत कुणी कुणी फॉर्म घेऊन येतं. "आपण दिवसातून किती तास भ्रमणध्वनी वापरता? अ, ब, क, ड." पोरं शेजाऱ्याचं बघून लिहितात. पहिल्या बाकावर जो 'ब' लिहील तो शेवटच्या बाकापर्यंत 'ब'. आणि मी समोर उभा! माझ्यासमोर कोण खरं लिहिणार? ते फॉर्म गोळा करून नेतात, पुढे त्याची पीएचडी होत असणार.

ताई, करायचं असेल तर करा पण आम्हाला वर्गाबाहेर काढा आधी.

---

गोदाकाठची | सोम., रात्री १०:०५

बापरे, एवढे प्रतिसाद. एकेकाला सावकाश उत्तर देते, आज सहा तास घेतलेत, घसा गेलाय.

गुरुजींच्या बोलण्यावरून आठवलं. माझ्या डेझर्टेशनचा पहिला प्रश्न होता "तुझ्याकडे मोबाईल आहे का?" सगळ्या मुली, नाही. हात वर करा म्हटलं, एकही हात नाही. मला घाम फुटला, की आता विषयच संपला. मग बाई बाहेर गेल्या चहाला आणि मी कागद बाजूला ठेवून सहज विचारलं, काल काय बघितलं गं? तर तासभर थांबेनात. मेहंदीचे व्हिडिओ, कुठल्यातरी कोरियन सिरियलीचे तुकडे, गणिताचे एक सर, एकीने तर स्वतःच्या नावाचं चॅनेल काढलेलं होतं काकूच्या फोनवर. फोन होता. फक्त त्यांचा नव्हता. दादाचा होता, पप्पांचा होता, रात्री स्वयंपाक झाल्यावर मम्मीचा होता.

तेव्हापासून तो प्रश्न डोक्यात आहे. 'मुलीकडे फोन आहे' म्हणजे नेमकं काय?

---

डेटापंत | सोम., रात्री १०:३८

गोदाकाठची, तुमच्या या मुद्द्याला ग्रामीण भारतातल्या मोठ्या सर्व्हेचा आकडा आहे. 'प्रथम' या शिक्षणातल्या संस्थेचा 'असर' अहवाल, २०२३ चा, १४ ते १८ वयाच्या ३४,७४५ मुलामुलींचा. स्मार्टफोन वापरता येतो म्हणणाऱ्यांत स्वतःचा फोन असलेली मुलं ४३.७ टक्के, मुली १९.८. निम्म्याहून कमी.

पण मला त्यातली पद्धत जास्त आवडली. त्यांनी नुसतं विचारलं नाही, म्हणाले, फोन घेऊन ये, आणि मग त्यावर गजर लाव, माहिती शोध, व्हिडिओ शोधून पाठव. तर फोन आणू शकली ती मुलं ७२.९ टक्के, मुली ६२. म्हणजे 'वापरता येतो' आणि 'आत्ता हातात आणता येतो' यात केवढं अंतर. हा फरक अ-ब-क-ड मध्ये कधीच दिसला नसता.

---

दोन_पोरांची_आई | मंगळ., दुपारी १:२२

नमस्कार मी हिचा मुलगा. आई बाहेर गेलीय आणि लॉगिन चालूच होतं म्हणून वाचलं सगळं. अकरावी सायन्स.

तर दिवसभर तोंड घालून बसलेलो असतो हे खरंय पण काय करतो ते कोणी विचारत नाही. फिजिक्सचे लेक्चर दोनच्या स्पीडने, क्लासचा ग्रुप, क्रिकेट, रील तर आहेच, आणि एक मित्र आहे तो लातूरला गेला नीटसाठी त्याच्याशी रात्री बोलतो कारण त्याला तिथे करमत नाही. जेवताना बघतो कारण जेवताना घरात सगळेच बघतात, बाबा बातम्या आई सिरियल. ताईचा फोन आई चेक करते माझा नाही करत. ताई माझ्यापेक्षा मोठी आहे. हे मला पण पटत नाही पण मी बोललो तर माझा पण चेक होईल.

बटाट्याचं भारी होतं. आता लॉगआऊट करतो.

---

पोटोबा | मंगळ., दुपारी १:३०

धाग्याचा सामनावीर मिळाला.

---

संपादक | मंगळ., दुपारी १:५५

एका आयडीवरून दोन व्यक्तींनी लिहिणे धोरणात बसत नाही. पण या वेळी प्रतिसाद उडवायला हात धजत नाहीये. राहू दे. पुढे मात्र स्वतःचा आयडी काढ बाळा (वयाची अट वाचून).

---

मंजिरी_यूके | मंगळ., दुपारी ४:४०

मी हसले पण बघा ना काय झालं ते. या साइटचा डेटा कुणी काढला असता तर हा प्रतिसाद 'महिला, मध्यमवयीन, दोन अपत्ये' या खात्यात जमा झाला असता. गोदाकाठचीच्या मुलींचं उलट, त्या पप्पांच्या नावावर जमा होतात. कंपनीच्या सर्व्हरवर नांदेडचे किती पप्पा रोज मेहंदी बघतात देव जाणे! युरोपात आम्ही एक मूल एक फोन धरून प्रश्न लिहितो, ते तुमच्याकडे लागू पडत नाही. तिकडून प्रश्नावली उचलून मराठीत करणारे खूप भेटतील, तू ते करू नकोस. पायल अरोरांचं काम बघ, त्या नेदरलँड्समध्ये असतात, त्यांचं म्हणणं असं की गरीब घरातली पोरं फोन हातात आला की शेतीचे भाव बघतील हे आपण गृहीत धरतो, ती बघतात करमणूक, प्रेमबिम, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

डिपार्टमेंटचं विचारलं होतंस ना. या विषयाला घर ना दार, हे खरंय. मास कॉम, समाजशास्त्र, मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र, होम सायन्समधलं मानवविकास, सगळीकडे होतं. जिथला गाईड तुला मुलांमध्ये जाऊन बसू देईल तिथे जा.

---

दोन_पोरांची_आई | मंगळ., रात्री ९:१०

(ही मीच आहे, आई.) वाचलं. घरी यावर चर्चा झाली, तपशील देत नाही. एवढंच सांगते की लातूरच्या मित्राचं मला माहीत नव्हतं.

---

फणस | मंगळ., रात्री ९:३५

पोरगा चांगला आहे हो वहिनी.

मैदानावर पाठवा तरी.

---

सीएचबी_भोगी | बुध., सकाळी ११:००

नोकरीबद्दल कुणीच बोललं नाही शेवटी. प्राध्यापक भरतीची वाट बघत बसलीस तर तुझ्या सॅम्पलमधल्या मुलींची लग्नं होतील. पण विद्यापीठाबाहेर थोडं काम आहे आता, शिक्षणातल्या संस्था, युनिसेफसारखे प्रकल्प, आणि डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आला त्यात अठराच्या आतलं सगळं मूल धरलंय, पालकांची संमती, मुलांना लक्ष्य करून जाहिराती नाहीत, म्हणजे कंपन्यांनाही मुलं काय करतात ते समजणारी माणसं लागणार. फक्त कंपनीचे पैसे घेतलेस तर तसं छापताना लिही, लपवू नको.

मी सोडली पीएचडी, पण परवा माझा टिकटॉकवरचा एक पोरगा भेटला. आता मंडप डेकोरेशनचं करतो, व्हिडिओ अजून काढतो, दुसऱ्या ॲपवर. त्याने मला ओळखलं आणि विचारलं, "सर, ते पुस्तक झालं का?" काय सांगणार.

---

आजीची_वही | बुध., सकाळी ११:४५

भोगी, ते झालं नाही तर लिहून तरी ठेवा. साध्या मराठीत, इथेच. आम्ही वाचू.

---

गोदाकाठची | शनि., रात्री ८:२०

उशीर झाला. सगळ्यांचे खूप आभार, नावं घेत बसत नाही.

अपडेट. समाजशास्त्रात एका मॅडमकडे एक जागा आहे, भेटून आले. विषय सांगितला, घरातला फोन कुणाचा, मुलीच्या हातात कधी येतो, कोण बघतं, ती काय पुसून परत देते. मॅडम दोन मिनिटं गप्प बसल्या आणि म्हणाल्या, माझी आई माझी पत्रं फोडायची. मग म्हणाल्या, घेते तुला. शीर्षक मात्र त्यांनी बदललं: 'नांदेड जिल्ह्यातील किशोरवयीन मुलींच्या भ्रमणध्वनी वापराचा समाजशास्त्रीय चिकित्सक अभ्यास'. भोगीदादा, चिकित्सक आलाच.

जेआरएफ परत देतेय. आई अजून तेच म्हणते, पण काल तिने माझ्या भाचीला विचारलं, तू काय बघतेस गं, दाखव. अर्धा तास दोघी कुकरच्या शिट्ट्या विसरून बसल्या होत्या. भात करपला.

आता मदत हवीय. संमतीपत्र करायचंय, पालकांचं वेगळं आणि मुलींचं स्वतःचं वेगळं. नमुने सगळे "मी याद्वारे स्वेच्छेने सहभागी होण्यास संमती दर्शविते" असे. तेरा वर्षांच्या मुलीला हे कसं सांगायचं?

---

आजीची_वही | शनि., रात्री ८:४१

असं लिहा: "मी तुला काही विचारीन. वाटलं तर सांग. नको वाटलं तर सांगू नको. मध्येच कंटाळा आला तर उठून जा, मी रागावणार नाही, बाईंनाही सांगणार नाही." आणि खाली सही नको, तिला हवं ते चित्र काढू दे.

---

मंजिरी_यूके | शनि., रात्री ९:०२

आजी, हे मी माझ्या एथिक्स कमिटीला (संशोधनाची नैतिक बाजू तपासणारी) दाखवणार आहे. सहीचं काय करायचं ते गोदाकाठची तू तुझ्या कमिटीला विचार, बाकी एक अक्षर बदलू नकोस.

---

पलूसकर_गुरुजी | शनि., रात्री ९:३०

'उठून जा' आमच्या वर्गात वाचून दाखवलं तर पहिल्या प्रश्नाआधीच मैदान भरेल. फणस साहेब खूश होतील.